तिसरी ओळ आणि रवळूअण्णा

सीमाभागातल्या विणकरांच्या वडगावात कुणालाही विचारा, रवळूअण्णाच्या डोक्यात गाणी अशी कालवली कशी गेली? सांगणारा आधी इकडं तिकडं बघेल, मग स्वतःच्या कानशिलावर दोन बोटं ठेवेल आणि आवाज खाली आणून म्हणेल, "धोटा बसला न्हवं का! हितं. फाट्दिशी. मागावरनं उडाला आनी बसला. तवापास्नं बिचाऱ्याच्या टाळक्यात सगळी गाणी एकात एक." सांगणारी बाई असेल तर ती 'फाट्दिशी'च्या जागी 'थाड्कन' म्हणेल आणि पुढं एक लांबलचक 'आई गंऽऽ' जोडेल. कुणी सांगायचं की रक्त आलं होतं. कुणी सांगायचं की रक्त आलं नाही, हेच वाईट झालं. एकानं तर असंही सांगितलं होतं की शुद्धीवर आल्यावर रवळूअण्णा बायकोशी दोन दिवस नुसता हिंदीत बोलत होता.

यातली एकच गोष्ट खरी. धोटा उडाला होता. मागावर सुताची कांडी पोटात घेऊन सटासट इकडून तिकडं पळणारं ते लाकडी होडकं, दोन्ही टोकांना लोखंडी चोच असलेलं. ते कधीमधी उडतंच. पण रवळूअण्णाचा धोटा त्याच्या डोक्यात बसला नाही. तो फळीवरच्या रेडिओला बसला.

रेडिओ फुटला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. तो फुटला नाही. स्टेशन बदलायचं बटण तेवढं ढिलं झालं. माग बंद असला की काटा जिथल्या तिथं. माग सुरू झाला, खटाक्-खट, खटाक्-खट, की घराच्या भिंती थरथरायच्या, फडताळातली भांडी थरथरायची आणि रेडिओचा काटा आपला आपण, गोगलगाईसारखा, पुढं सरकायला लागायचा. सकाळी सांगलीवर मारुतीचं भजन लागलेलं असायचं. त्याच्या दोन ओळी व्हायच्या. तिसरी ओळ यायच्या आत खर्रर्र, आणि पुण्याची लावणी. लावणीला जरा कुठं रंग चढतोय तोवर खर्रर्र, आणि धारवाडचं शेतातलं पद, कानडीत. त्याच्याही पुढं सिलोन, हिंदी सिनेमा. शेवटाला काटा टोकाला जाऊन अडकला की नुसतं वारं सुटायचं. मग त्याची बायको रुक्माबाई चुलीपासून उठायची, उलथन्याच्या मागच्या टोकानं बटण मागं लोटायची, आणि पुन्हा सांगली.

रेडिओ दुरुस्तीला नेला नाही असं नाही. खडेबाजारातला मिस्त्री म्हणाला, "आठ दिवस ठेवून जा."

"आठ दिवस माग मुक्यानं हाणू व्हय?" रवळूअण्णा म्हणाला, आणि रेडिओ सायकलला बांधून परत आणला. ही गोष्ट ब्याहत्तर सालची. त्यानंतर वर्षामागून वर्षं गेली, साड्या विणून झाल्या, सोनी नावाची त्याची मुलगी परकरातून साडीत आली, आणि या सगळ्या काळात रवळूअण्णानं एकही गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं नाही.

मुख्य भानगड ही की त्याला ते कळलंच नाही. खर्रर्र त्याच्या कानी पडायचंच नाही, मागाच्या आवाजात ते बुडून जायचं. आणि मागाचा ठेका तर बदलत नव्हता. भजन असो, लावणी असो, कानडी असो, खालून खटाक्-खट तेच. त्यामुळं त्याच्या कानाला ते एकच गाणं वाटायचं. जरा लांबलेलं, जरा बहुरंगी, पण एक.

त्याचा आवाज मात्र पल्लेदार. मागावर बोलणारा माणूस हळू बोलेलच कसा? शनिवारच्या मारुतीच्या भजनात पुढं बसून म्हणणाऱ्या पेटीवाल्यांची बदली हुबळीला झाली आणि मंडळ म्हाताऱ्यांच्या खोकल्यावर चालू लागलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, रवळूला पुढं बसवा, घसा बरा आहे. रवळूअण्णा धुतलेली टोपी घालून पुढं बसला. डोळे मिटले. मांडीवर हातानं ठेका धरला, आणि म्हणाला,

*शेंदराचा धनी माझा, डोंगर घेई हाती,*
*एका उडीत सागर तरला, वाऱ्याच्या संगती…*

टाळकऱ्यांनी मागं धरलं. टाळकऱ्यांत मीही होतो, कोपऱ्यात. वाटलं, वा, घसा आहे खरा. आणि त्याच सुरात, त्याच ठेक्यात, तोंडावरचा भक्तिभाव इतकाही न हलवता रवळूअण्णा पुढं गेला,

*अहो पाव्हणं, चहा निवला, बसा की दोन घटका…*

देवळात काय झालं ते सांगणं अवघड आहे. कुणी हसलं नाही. हसायला आधी कळावं लागतं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांचे हात जोडलेलेच राहिले आणि खाली पायाचा अंगठा हलायला लागला. त्यांनी अंगठ्याकडं असं बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. टाळ वाजवावेत की शिट्टी मारावी, याचा निर्णय कुणालाच घेता येईना. तबल्यावर शामू होता. त्याचा हात डोक्याच्या आधीच लावणीत शिरला होता. तोवर रवळूअण्णा शेतात पोचला,

*बार तम्मा, होलक्क होगूणु, एत्तु हसदाव…*

ये भावा, शेताला जाऊया, बैल भुकेलेत. हे मात्र देवळाबाहेर कट्ट्यावर बसलेल्या कानडी माणसांना कळलं. ते चपला काढून आत आले. आणि ते नीट बसतात न बसतात तोवर,

*ओ बाबू, मेरी चूड़ी गिर गई पानी में…*

आणि लगेच पुन्हा शेंदराचा धनी. सागर तरून जाणारा मारुती, निवलेला चहा, उपाशी बैल आणि पाण्यात पडलेली बांगडी, सगळे एका दमात, एका ठेक्यात, हातात हात घालून देवळाला प्रदक्षिणा घालून आले.

पुढच्या शनिवारी देवळात बसायला जागा नव्हती.

लोकांना त्यात काय सापडत होतं, हे कुणालाच धड सांगता यायचं नाही. मी पुष्कळांना विचारलं, आणि प्रत्येकानं वेगळंच सांगितलं. कुणी म्हणालं, चाल चांगली आहे. कुठली चाल? तर ते ठाऊक नाही. एक कानडी मावशी म्हणाली, "नम्म हाडू हाय ते. आमचंच गाणं. मधी मधी मराठी घालतोय, घालू दे." मराठी म्हातारे नेमकं उलटं म्हणत. पण एक गोष्ट सगळ्यांची सारखी होती. दुसरी ओळ संपत आली की अख्खं देऊळ श्वास धरायचं. दोन गाण्यांचा सांधा जवळ आला हे सगळ्यांना ठाऊक, आणि ठाऊक असूनही तो आला की पोटात खड्डा पडायचा, जत्रेतला पाळणा वरून खाली येताना पडतो तसा. त्या खड्ड्यासाठी लोक येत होते. फक्त रवळूअण्णाला तो खड्डा कधी लागला नाही. गाणं बदललं असं कुणी म्हणालं की तो खरंच गोंधळून विचारायचा, "बदललं? कुठं?"

गावातले जुने शिक्षक मार्तंड मास्तर पहिल्या रांगेत, खांबाला टेकून बसायचे. संगीताचा त्यांचा अभ्यास होता, घरी तंबोरा होता. दर शनिवारी भजन संपलं की ते उपरणं झटकून म्हणायचे, "हे भजन नव्हे. ही भेसळ आहे. मी पुन्हा येणार नाही." आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी खांबाशी.

असं सगळं सुखात चाललं होतं. मग एकोणऐंशी साली सोनीला निपाणीचं स्थळ आलं.

मुलगा सायकल दुकानदार. दिसायला नीट, बोलायला कमी. सोनीनं चहाची कपबशी पुढं करताना त्याला बघितलं, आणि त्या दिवसानंतर ती कांड्या भरताना मध्येच थांबून भिंतीकडं बघायला लागली. रुक्माबाईनं ते ओळखलं. रवळूअण्णानंही ओळखलं, कारण त्याच्या मागाला वेळेवर कांडी मिळेना.

मुलाचे वडील नागोजी तंबाखूच्या वखारीवर मुकादम. जाडजूड माणूस, पानाचा डाग असलेलं धोतर, आणि प्रत्येक वाक्याआधी 'हे बघा'. पसंती झाली, सुपारी फोडायची तेवढी राहिली, आणि त्याच आठवड्यात वडगावचा धोटा उडत उडत निपाणीला जाऊन पोचला. कुणीतरी बाजारात नागोजीच्या कानाला लागलं: पोरीच्या बापाच्या डोक्यावर परिणाम आहे, एक गाणं धड म्हणता येत नाही, देवाच्या पुढ्यात लावणी म्हणतोय आणि म्हटलेली त्याला कळत नाही.

नागोजी दुसऱ्याच दिवशी मोटारीनं आला. उंबऱ्यातच उभा राहिला, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"हे बघा," तो म्हणाला, "आमाला हुंडाबिंडा नको. पर येड नको. येड रक्तातनं खाली उतरतंय. उद्या नातू झाला आनी त्यो असा निम्मा निम्मा बोलायला लागला, तर?"

"अवो, धोटा ह्येंच्या डोक्यात न्हाई बसला," रुक्माबाई म्हणाली. "रेडिओला बसला."

नागोजीनं तिच्याकडं असं बघितलं, जणू वेड घरात किती जणांना आहे याचा तो अंदाज घेत होता.

"शनवारी मी भजनाला येतो," तो म्हणाला. "एकच मारुतीचं भजन म्हनायचं. पयल्यापास्नं शेवटपतोर. सरळ म्हटलं तर तिथंच सुपारी. मधीच कुठं वळलं तर राम राम, आपला रस्ता निराळा."

तो गेला. घरात माग बंद होता, म्हणून रेडिओवरचं गाणंही सरळ चाललं होतं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सोनी कांड्यांच्या टोपलीपाशी बसून होती. तिथूनच ती म्हणाली, "आप्पा, येक डाव सरळ म्हना की."

"म्हनतो की, बाळ," रवळूअण्णा म्हणाला. "मी सरळच म्हनतोय कायम. पर लोकं म्हनत्यात वळतंय. कुठं वळतंय त्ये मला कुनीतरी दावा. दावल्याबिगर मी वळू नको कसा?"

दाखवायला मार्तंड मास्तर आले. बोलावलं नव्हतं, ऐकून आले. तंबोरा घेऊन ओसरीवर बसले. आधी त्यांनी पूर्ण भजन म्हणून दाखवलं. रवळूअण्णा तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. दोन ओळींनंतर मास्तर म्हणाले,

*वेल काही ओळखेना, गोंधळली मती,*
*उचलोनी आणिला सगळा, पर्वत रातोराती.*

"ह्ये काय?" रवळूअण्णानं विचारलं.

"ही तिसरी ओळ. आणि ही चौथी."

"ह्येच्यात अशी ओळ हाय?" तो हरखून गेला. "म्हंजे त्याला कंची मुळी पायजे ती वळखंना, म्हनून त्यानं आख्खा डोंगर आनला?"

"हो. कथा ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"कथा ठाव हाय. गान्यात हाय ते ठाव न्हवतं. ब्येस केलं की ओ त्यानं! आनून टाकला. ज्येला जी पायजे ती घ्या काढून."

"अर्थ राहू द्या. म्हणा."

रवळूअण्णानं म्हटलं. पहिली ओळ. दुसरी ओळ. मास्तरांनी बोट उचललं, सावध. रवळूअण्णानं मान हलवली, कळलं. आणि खणखणीत सुरात, "अहो पाव्हणं, चहा निवला…"

मास्तरांनी तंबोरा खाली ठेवला.

"झालं न्हवं बरोबर?" रवळूअण्णानं विचारलं.

गल्लीतल्या मागांच्या खटाक्-खटात मंगळवार असा गेला, बुधवार असा गेला. मास्तर बोट उचलायचे, मग हात उचलायचे, मग दोन्ही हात उचलून उभे राहायचे, जशी समोरून बिनब्रेकची गाडी येत आहे. तिसऱ्या ओळीशी आलं की रवळूअण्णाच्या तोंडातून पाहुणे, चहा आणि घटका बाहेर पडायच्याच. रुक्माबाईनं मारुतीला नारळ बोलला. शामूनं सुचवलं की दुसऱ्या ओळीनंतर खोकावं. रवळूअण्णा खोकला, आणि खोकून झाल्यावर थेट धारवाडला पोचला.

गुरुवारी दुपारी वीज गेली. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. इतकी शांतता झाली की कुठंतरी कुणाचं मूल जांभई देताना ऐकू आलं. रवळूअण्णा तेव्हा मागावर बसूनच म्हणत होता. माग थांबला, तो थांबला नाही. शेंदराचा धनी, वाऱ्याच्या संगती, वेल काही ओळखेना, पर्वत रातोराती. चारही ओळी, एकामागून एक, सरळ.

चुलीपाशी रुक्माबाईच्या हातातून भाकरी निसटली. "अवो! पुन्यांदा म्हना!"

त्यानं पुन्हा म्हटलं. पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत वीज आली, खटाक्-खट सुरू झालं, आणि पाहुण्यांचा चहा निवला.

रवळूअण्णा माग बंद करून बसून राहिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. म्हणजे वळत होतं. लोक सांगत होते ते खरं होतं. ठेका कानात शिरला की गाणं वळतं, ठेका नसला की सरळ जातं. मग त्याचं खरं गाणं कुठलं? वळणारं की सरळ? आणि दुसरीच एक काळजी पुढं येऊन बसली: शनिवारी माग बंद ठेवता येतील. पण भजन म्हटलं की टाळ आले, तबला आला. टाळ काय आणि माग काय, ठेका तो ठेकाच.

शुक्रवारी संध्याकाळी मी त्याच्याकडं गेलो. तो मागाखाली साचलेली सुताची मोडतोड गोळा करत होता, कापसासारखे गुंते, आणि त्यातले मऊ मऊ निवडून बाजूला ठेवत होता. कशाला, ते मी विचारलं नाही. मला माझीच घाई होती. मला सगळ्यांचे आवाज काढता यायचे, मार्तंड मास्तरांचा, रुक्माबाईचा, रेडिओतल्या बातम्यांचासुद्धा. आणि रवळूअण्णाचा तर हुबेहूब. तो कुठं वळतो ते मला त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, असं मला वाटायचं.

"अण्णा," मी म्हटलं, "तुम्ही उद्या तिसरी ओळ सरळ म्हणत न्हाई. पैज लावतो."

"लाव."

"तुम्ही म्हटली तर तुम्ही म्हणशीला ते करीन."

त्यानं गुंते निवडायचं थांबवून माझ्याकडं बघितलं. "तर सोनीच्या हळदीला बायकांत बसायचं. मुसळ धरून हळद कुटायची, आनी कुटताना त्येंची गानी म्हनायची. बाईच्या आवाजात. मधीच खोकून पळून जायचं न्हाई."

"चालतंय. आणि तुम्ही हरलात तर मला काय?"

"मी हरलो तर सोनीचं लगीन मोडलं," रवळूअण्णा म्हणाला. "त्येच्यावर आनी काय घेतोस माझ्याकडनं?"

मला पैज मागं घ्यावीशी वाटली. पण तोवर हातावर हात पडला होता.

शनिवारी मार्तंड मास्तरांनी मंडळाला आधीच बजावलं. "सगळ्यांनी रवळूकडे लक्ष द्या. तो घसरतोय असं वाटलं तर मोठ्यानं टाळ वाजवा, म्हणजे पाहुण्यांना ऐकू जाणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाला रवळूअण्णाची काळजी होती. स्वतःची कुणालाच नव्हती. आपलं काय, आपण नुसतं मागं म्हणायचं!

नागोजी पुढं, अगदी रवळूअण्णासमोर मांडी घालून बसला. बायकांत सोनी, रुक्माबाईच्या मागं, पदर दातांत धरून. रवळूअण्णा आला. माघाची थंडी म्हणून कानाला मफलर गुंडाळलेला. आत, दोन्ही कानांत, मागाखालचे मऊ गुंते दाबून बसवलेले. एवढे घट्ट, की देवळात पाऊल टाकताना घंटा वाजवली ती त्याला नुसती हललेली दिसली. हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्यानं शामूचा हात खाली आलेला बघितला. डोळे मिटले.

*शेंदराचा धनी माझा, डोंगर घेई हाती…*

मंडळानं मागं धरलं.

*एका उडीत सागर तरला, वाऱ्याच्या संगती…*

मंडळानं मागं धरलं. देवळानं श्वास धरला. मी रवळूअण्णाच्या ओठांकडं बघत होतो. आता वळणार. आता. आठवडाभर मी तो सांधा मनात इतक्यांदा वळवून बघितला होता की तो माझ्या जिभेवर येऊन तयार बसला होता. रवळूअण्णाचे ओठ उघडले आणि त्याच क्षणी, पूर्ण गळ्यानं, मी म्हणालो,

*"अहो पाव्हणं, चहा निवला…"*

एकट्यानं. पण तो एकटेपणा फार वेळ टिकला नाही. शामूचा हात लगेच माझ्यामागं लावणीत गेला. हात गेला म्हणून टाळ गेले. टाळ गेले म्हणून पुढची रांग गेली, मागची रांग गेली, *"बसा की दोन घटकाऽऽ"*. कट्ट्यावरच्या कानडी मंडळींना वाटलं आपली ओळ आली, ती आधीच आत घुसली, *"एत्तु हसदाव!"* रुक्माबाईनं तोंडावर पदर दाबला होता, पण पदराआडून तिचे खांदे ठेक्यात हलत होते, आणि आवाज येत होता. आणि खांबाशी मार्तंड मास्तर, डोळे मिटून, मान कलती करून, उजवा हात हवेत उचलून, अगदी अभ्यासलेल्या सुरात, *"ओ बाबू, मेरी चूड़ी गिर गई…"*

या सगळ्याच्या मधोमध रवळूअण्णा. डोळे मिटलेले. शांत. *वेल काही ओळखेना, गोंधळली मती.* तो एकटा मारुतीपाशी. *उचलोनी आणिला सगळा, पर्वत रातोराती.* चारही ओळी संपवून त्यानं पुन्हा पहिली धरली, पुन्हा दुसरी, आणि पुन्हा सगळं देऊळ तिसऱ्या ओळीत धडाधड खाली कोसळलं, तो सरळ चालत गेला.

नागोजी एकदा याच्या तोंडाकडं बघे, एकदा मागं वळून देवळाकडं. मग पुन्हा याच्या तोंडाकडं. त्याचं तोंड किंचित उघडं पडलं होतं.

भजन थांबलं ते असं की एकेकाच्या ध्यानात येत गेलं आणि एकेकजण गप्प होत गेला. सगळ्यात शेवटी मास्तर. त्यांनी डोळे उघडले, हवेतला स्वतःचा हात बघितला, आणि तो हळूच खाली आणून त्याच हातानं चष्मा पुसायला घेतला.

रवळूअण्णानं डोळे उघडले तेव्हा त्याला काय दिसलं? मंडळानं माना खाली घातलेल्या. शामू तबल्याच्या गादीची शिवण तपासत होता. रुक्माबाई रडत होती की काय होतं, खांदे हलत होते. समोर नागोजीचे ओठ हलत होते, आणि कानात तर सुताची भिंत. रवळूअण्णानं ओळखलं, म्हणजे वळलंच. एवढं करून वळलं. त्याला वाटलं, आपण खरंच येडे असू.

नागोजी मात्र मास्तरांकडं वळला होता. "हे बघा, तुमी शाळंत शिकवता व्हय?"

"शिकवत होतो," मास्तर म्हणाले.

"असंच?"

मास्तर चष्मा पुसत राहिले.

"हे बघा," नागोजी उठून उभा राहिला आणि सगळ्या देवळाला उद्देशून बोलला, जरा लांबूनच, माणूस कुत्र्यांशी बोलतो तसा. "आमाला सांगितलं एक माणूस येडा हाय. हितं येऊन बघतो तर एकटा त्योच शुद्धीवर! आख्खी गल्ली बिघडल्याली आनी मधी ह्यो एकटा देवाचं नाव घेतोय. ह्या गल्लीत पोरीला आता जास्त दिवस ठेवू नका. बरं न्हवं ते. लगीन फाल्गुनातच उरकून टाकू." आणि त्यानं खिशातून सुपारी काढून रवळूअण्णाच्या हातावर ठेवली.

रवळूअण्णानं सुपारीकडं बघितलं. मग नागोजीकडं. मग आमच्या सगळ्यांकडं. त्याला काहीच कळेना. सोनी बायकांतून उठून पळत आली, त्याच्या मफलरला हात घालून ओरडली, "आप्पा! ठरलं!"

"आँ?"

"ठरलं ओ!"

"मी वळलो न्हाई?" तिच्या ओठांवरनं ओळखून त्यानं विचारलं.

तेव्हा कुठं त्यानं मफलर सोडला आणि कानांतले गुंते ओढून काढले. नागोजीनं ते बघितले. मग मफलर बघितला. "थंडी लई हाय औंदा," तो शेवटी म्हणाला, आणि तो प्रश्न त्यानं तिथंच मिटवला. पण दाराशी चपला घालताना त्याचं पाऊल अडलं. तो परत आला, आणि रवळूअण्णाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे बघा, त्या चहाचं पुढं काय हुतंय? पाव्हणं बसत्यात का जात्यात?"

"पुढचं ठाव न्हाई," रवळूअण्णा म्हणाला. "पुढं धारवाड लागतंय."

नागोजीनं मान हलवली. समजल्यासारखी, पण काय समजलं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

लोक गेल्यावर मी रवळूअण्णाला गाठलं. म्हटलं, "अण्णा, ही लबाडी. कानात सूत घातलंत तुम्ही."

"पैज गान्याची हुती," तो म्हणाला. "ऐकायची कुठं हुती? सोनीनं सगळं सांगितलंय मला. आनी तू सांग, तिसऱ्या वळीला पयल्यांदा चहा कुनी वतला?"

पुढच्या महिन्यात, सोनीच्या हळदीच्या दिवशी, मी सहा बायकांच्या मधोमध पाटावर बसलो. कुणीतरी माझ्या डोक्यावर जुनं लुगडं टाकलं. हातात मुसळ दिलं. उखळात हळकुंडं पडली आणि मुसळं वर-खाली व्हायला लागली, धप्-धप्, धप्-धप्, एका ठेक्यात.

"हं, म्हन," रुक्माबाई म्हणाली. "आवाज बारीक काढ. आनी दुसरी वळ झाली की तोंड मिट, बाबा. पाव्हणं दारात हायत."